गाचापिनच्या पोटातला माणूस: नाव सांगावं की झाकावं?

टोकियोची_सून: लेक तीन वर्षांची. टीव्हीवर 'इनाई इनाई बा' हा जपानी मुलांचा कार्यक्रम लागला की वानवानसमोरून हलत नाही. हा केसाळ कुत्रा १९९६ पासूनचा, आणि त्याच्या पोशाखात चो नावाचे नट. अंगही त्यांचं, आवाजही त्यांचाच. सगळ्या जपानला ठाऊक आहे, कुणाचं काही बिघडलं नाही. उलट गाचापिन बघा. १९७३ च्या 'हिराके! पोनकिक्की' या मुलांच्या कार्यक्रमापासूनचं हिरवं डायनासोरचं पोर, वय कायम पाच. विमानातून उडी मारतं, स्की करतं, हिमालय चढतं. आत कोण? चकार शब्द नाही. जीव एकाने धोक्यात घालायचा आणि टाळ्या कापसाला!

खवचट_काका: कापसालाच द्यायच्या असतात. पाच वर्षांचं पोर हिमालयात गेलं, गंमत ती आहे. कसलेला गिर्यारोहक गेला म्हटलं तर बातमीच नाही. जपानी मोठ्यांनाही आत माणूस आहे हे कळतं, मुद्दाम विचारत नाहीत. एवढं गुपित सगळ्यांनी मिळून पाळायला संस्कार लागतात.

टोकियोची_सून: संस्कार सोयीचे आहेत, काका. १९८२ ते ९२ 'निकोनिको पुन' चालायचं, त्यातल्या जाजामारू या पात्राचा आवाज किमोत्सुकी काने­ता यांचा, म्हणजे जुन्या जपानी डोरेमॉनमधल्या सुनियोचा. हे नाव लोक आजही घेतात. त्याच जाजामारूचं धूड अंगावर घेऊन उड्या मारणाऱ्याचं नाव विचारून बघा कुणाला. आवाजाला नाव आणि घामाला नाही?

मोखाडेकर: आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, मुखवटा कुणी धरलाय ते अख्ख्या गावाला माहीत असतं. सोंग आलं की हात जोडले जातातच. नाव कळल्याने देव पळत नाही.

खवचट_काका: बोहाडा वर्षातून एकदा. हे रोज सकाळी, दोन वर्षांच्या पोरांपुढे. तुलना जमली नाही.

शिंजुकू_शिफ्ट: मी कॉलेजात असताना एका दुकानापुढे अस्वल होऊन पत्रकं वाटली आहेत. (जपानीत अशा पोशाखाला किगुरुमी म्हणतात, आणि आतल्या माणसाला 'नाका नो हितो'.) डोक्यातून बाहेरचं फक्त तोंडाच्या फटीतून दिसतं, घाम डोळ्यांत जातो, पुसता येत नाही. २०१९ च्या जुलैत ओसाकाजवळच्या एका करमणूक उद्यानात पोशाख घालून नाचाचा सराव करणारा २८ वर्षांचा तरुण उष्माघाताने गेला. तोही रात्री. तुम्ही नावावरून भांडताय. मला तेव्हा नाव नको होतं, दर वीस मिनिटांनी डोकं काढायची मुभा हवी होती.

खवचट_काका: हे पटलं. नाव छापून घाम कमी होत नाही.

टोकियोची_सून: पण ज्याचं नावच नाही त्याची पाळी बदला म्हणून भांडणार कोण? चो यांना बरं नसलं तर लोक चौकशी करतील. तुमच्या अस्वलाची कोण करणार होतं?

शिंजुकू_शिफ्ट: शेजारचा ससा करायचा. त्याचंही नाव मला माहीत नव्हतं म्हणा.

मोखाडेकर: ताई, लेकीला सांगितलंत का, वानवानच्या आत कोण आहे ते?

टोकियोची_सून: नाही. परवा तिने विचारलं, वानवान अंघोळ करतो का. मी म्हटलं, रविवारी.