मदत हवी आहे: पाण्यातलं शिसं तपासायचंय, पण नमुना नक्की कधी धरू?

मंडळी, आमची चाळ गिरगावात, शंभरी ओलांडलेली. गेल्या आठवड्यात मोरीतला नळ गळायला लागला म्हणून प्लंबरने भिंत फोडली, तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला जोडलेली हातभर करडी नळी निघाली. किल्लीने खरवडलं तर ओरखडा सहज उठला, आत चांदीसारखी चकाकी. फ्रिजवरचं लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. प्लंबर म्हणाला, "शिशाची आहे. अजून पन्नास वर्षं काही होत नाही हिला." हिला नसेल होत हो, पण घरात दीड वर्षाची मुलगी आहे.

फिल्टरवाला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र) बुडवून गेला. लिटरला ६२ मिलिग्रॅम आलं. "पाणी एकदम फर्स्टक्लास!" पण आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्याच्या दसपट शिसं असलं तरी मीटरचा आकडा हलायचा नाही. शिसं उकळूनही जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. म्हणजे लॅबशिवाय इलाज नाही, इथवर मी आलोय.

घोडं अडलंय नमुन्यावर. अमेरिकेतली पद्धत वाचली: पाणी पाइपात किमान सहा तास न हलता राहू द्यायचं आणि नळ सोडताच पहिलं लिटर धरायचं. तिथे नळाला चोवीस तास पाणी! आमच्याकडे येतं पहाटे साडेचारला. आधी नळ फुसफुसतो, मग तांबूस धार, मग पाणी. मधल्या वेळात ती नळी भरलेली असते की कोरडी, देव जाणे. मग पहिलं लिटर कुठलं धरायचं? आणि पितो तर आम्ही पिंपातलं. पहिली धार, दहा मिनिटांनंतरची धार आणि पिंप असे तीन नमुने दिले तर चालेल का? पैसे गेले तरी चालतील, उत्तर मिळू दे.

बाटली लॅबच देते का? त्यात नायट्रिक आम्ल आपण घालायचं की त्यांनी? लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे म्हणतात, पण ती शिशाच्या चाचणीसाठीच आहे हे कसं पडताळायचं? मुलीचं रक्त तपासायचं डॉक्टरांशी बोलतोच आहे. तोवर तिच्यासाठी बाटलीबंद पाणी, पहिल्या दोन बादल्या फरशीला.

प्लंबर शनिवारी नळी बदलायला येतोय. कापाकापीत शिशाचे कण सुटून काही दिवस पाणी आणखी बिघडतं म्हणे, शिवाय आजवर काय पीत होतो ते मग कळायचंच नाही. तेव्हा शुक्रवारी पहाटे बाटली घेऊन नळाखाली बसायचंय. कुणी हे केलं असेल तर त्याआधी सांगा.