रॅडबर्न : तेव्हा सगळं सोपं होतं?
कुणीतरी म्हटलंय की बेसबॉलमधले जुने पिचर (चेंडू टाकणारे) खालून चेंडू टाकायचे, म्हणून त्यांचे आकडे फुगलेले. अर्धं पटतं. तेव्हा 50 फुटांवरून टाकायचं, माउंड (पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा) नाही. आजची 60 फूट 6 इंचांची खूण 1893 मध्ये आली. पण 'ओल्ड हॉस' रॅडबर्नचा 1884 चा मोसम एवढ्यावर निकालात निघत नाही.

प्रॉव्हिडन्स ग्रेज या त्याच्या संघाने त्याला निलंबित केलं होतं. जुलैत दुसरा पिचर चार्ली स्वीनी भांडून निघून गेला आणि मालकांची पाचावर धारण बसली. रॅडबर्न म्हणाला, उरलेले सामने मी टाकतो, पण मोसम संपला की मला करारातून मोकळं करा. (सौदा पक्का होता गड्याचा!) त्या वर्षी 73 सामन्यांत पहिल्या चेंडूपासून तोच पिचर होता, आणि 73ही शेवटपर्यंत टाकले. विजय 59 की 60, यावर अजून वाद आहे. शिवाय मोसमाअखेर दुसऱ्या लीगच्या विजेत्या न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्ध झालेले तिन्ही सामनेही त्यानेच जिंकले. सकाळी हात केसांपर्यंत जात नसे म्हणतात.

मोकळीक मिळूनही तो प्रॉव्हिडन्सलाच राहिला, वाढीव पगारावर. 1891 मध्ये खेळ थांबवला, 1897 मध्ये ब्लूमिंग्टनला वारला. हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) नाव लागायला 1939 उजाडलं.