अनुभव धागा : घराण्याची मुळं शोधताना कोणती ऑनलाइन सेवा कामी आली?

विदर्भातल्या खेड्यातून आलेल्या माणसानं पूर्वज शोधायला कोणत्या साइटवर वेळ द्यावा, कुठं पैसे भरावेत, यासाठी हा धागा. आपला तालुका जरूर लिहा, कारण सगळं त्यावरच ठरतं.

सुरुवात माझ्यापासून. तालुका दर्यापूर. मला सगळ्यात जास्त दिलं ते शासनाच्या ‘आपले अभिलेख’नं. जुने सातबारे, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) स्कॅन करून ठेवलेत. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि सर्व्हे किंवा गट नंबर टाकून शोधायचं. त्यातही वारस फेरफार आधी पाहा. खातेदार वारला की त्याच्या मागं कोण कोण, नातं काय, हे एकाच नोंदीत येतं. पणजोबांच्या दोन बहिणींची नावं घरात कुणालाच ठाऊक नव्हती, ती मला तिथं सापडली. त्या दिवशी आईला फोनवर बोलता येईना. गावात जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं असेल तर जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर यांचा मेळ तलाठ्याकडून आधी लावून घ्या.

चिमूरहून
एका परदेशी साइटचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं होतं. भारताच्या नोंदी खूप दिसतात, पण त्या बहुतेक ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या जुन्या सरकारी खात्याच्या : गोऱ्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, फौजेतली माणसं. शेतकऱ्याचं घराणं त्यात कुठून येणार? वर्ष संपताच कार्डातून पुढचे पैसेही आपोआप गेले. संग्रहांची यादी सदस्य न होताही दिसते. आपला जिल्हा आणि साल तिच्यात आहे का, ते पाहूनच पैसे भरा.

बाळापूरकडचा
ताई, आमचं काम कोतवाल बुकानं, म्हंजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीनं झालं. पोरीच्या जात वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पायजे होता. तहसीलात अर्ज केला, आज्याच्या जन्माची नक्कल भेटली. मोडी लिपीत होती, वाचणारा शोधा लागला. घरी अशी वैधतेची फाइल असंल तर पह्यले थेच उघडा, अर्धी वंशावळ तिच्यातच राह्यते.

आर्वी
आमचे पूर्वज उत्तरेकडून इकडं आले. फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे आणि त्यावर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांची छायाचित्रं आहेत. नाव टाकलं की पान उघडेल असं नाही, पानं चाळावी लागतात. तरी आमच्यासारख्यांनी चाळावीतच. एक सांभाळा : तिथला वंशवृक्ष सगळ्यांचा सामाईक, कुणीही बदल करू शकतो. म्हणून मूळ वृक्ष मी माझ्या संगणकावर ठेवते, गेडकॉम फाइलमध्ये (वंशवृक्ष साठवायचा, बहुतेक साइटवर चालणारा फाइल-प्रकार). सेवा बदलली तरी ती फाइल सोबत नेता येते.

भंडारा
परदेशी साइटवर ठिकाण निवडताना साल बघा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडं गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९५६ नंतर आपण मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. त्यामुळं अकोल्याची नोंद ‘बेरार’खाली असू शकते, आमची ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’खाली, आणि चंद्रपूरकरांनी ‘चांदा’ टाकून पाहावं.