मदत हवी आहे: मशरूम घेऊन ‘प्रभू भेटला’ म्हणणाऱ्या भावाला काय सांगू?

आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, माझा धाकटा भाऊ उपासनेला येत नव्हता. आम्ही त्याच्या मागे लागलो नाही. बाबा रविवारी निघताना त्याच्या खोलीचं दार थोडं उघडं ठेवायचे, एवढंच. तीन आठवड्यांपूर्वी तो आपणहून माझ्याकडे आला, आईचं बायबल मागितलं आणि म्हणाला, “ताई, मी मित्राच्या घरी मशरूम खाल्ले होते. सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणारे. आणि मला प्रभू भेटला.”

आई गेली त्या रात्री तो तिच्याजवळ नव्हता. ते त्याच्या मनात किती खोल रुतलंय हे मला माहीत आहे. तो सांगत होता की त्याला तीच खोली दिसली, तोच पलंग, आणि आईच्या उशाशी कोणीतरी बसलेलं होतं. “मी नव्हतो, पण ती एकटी नव्हती.” हे सांगताना तो रडला. दफनाच्या दिवशीसुद्धा रडला नव्हता.

तेव्हापासून तो रोज रात्री वाचतो, बाबांशी नीट बोलतो. पण गुड फ्रायडेला पुन्हा मशरूम घ्यायचे असं त्याने ठरवलंय. त्याला आधार सापडलाय तो १९६२च्या प्रयोगाचा. त्या वर्षी २० एप्रिलला, गुड फ्रायडेच्याच दिवशी, बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पाहन्के या संशोधकाने धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांना बसवलं. निम्म्यांना सायलोसायबिन, म्हणजे या मशरूममधलं द्रव्य दिलं, आणि तुलनेसाठी निम्म्यांना नायसिन हे जीवनसत्त्व. वर उपासना चालू होती आणि ती खाली तळघरात ऐकू येत होती. सायलोसायबिन घेतलेल्यांपैकी बहुतेकांना गाढ आध्यात्मिक अनुभव आले. “ते पाळक व्हायला निघालेले लोक होते, ताई,” असं तो म्हणतो.

पाळकांना विचारलं तर त्यांनी गलतीकरांस ५:२० उघडून ‘चेटके’ या शब्दावर बोट ठेवलं. मूळ ग्रीक शब्द ‘फार्माकेया’, त्यातच औषधी द्रव्यं आली, विषय संपला. भावाने शांतपणे विचारलं, “मग मला भेटला तो कोण?” पाळक गप्प झाले. मीही गप्प होते.

मी स्वतः संडे स्कूलमध्ये शिकवते, पण इथे अडलेय. ते वचन खरंच एवढं सरळ आहे का? आणि त्याला जे दिसलं ते खोटं न ठरवता ‘पुन्हा घेऊ नकोस’ कसं सांगू? तो पुन्हा दार लावून घेईल याची फार भीती वाटते.

प्रतिसाद:
ताई, हे सरळ सैतानाचं काम आहे. तो तेजस्वी देवदूताचं रूप घेतो असं पौलाने लिहून ठेवलंय. उपवास-प्रार्थना करा आणि त्याला त्या मित्रांपासून तोडा.

प्रतिसाद:
मी नव्या कराराचा अभ्यास केला आहे म्हणून त्या शब्दाबद्दल लिहितो. ‘फार्माकेया’मध्ये औषध, विष आणि मंत्रतंत्र हे तिन्ही अर्थ मिसळलेले आहेत. निर्गम ७ मध्ये मिसरी जादूगारांच्या करामतींसाठी ग्रीक भाषांतरात हाच शब्द येतो, प्रकटीकरणातही येतो. आणि गलतीकरांच्या त्याच यादीत दारूबाजी वेगळी दिली आहे. म्हणजे ‘चेटके’ म्हणताना पौलाच्या डोळ्यांसमोर नुसती नशा नाही, देवाला किंवा माणसाला आपल्या मुठीत आणण्याची खटपट आहे. त्या एका शब्दावर सगळी बंदी उभी करता येत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

पण म्हणून मोकळीक आहे असंही मला वाटत नाही. “सावध असा, जागे राहा” हे पेत्राचं वचन आहेच. शिवाय मार्क १५:२३ पाहा. वधस्तंभाजवळ येशूला बोळ (गंधरस) मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, वेदना बधिर व्हावी म्हणून असं सहसा मानतात, आणि त्याने तो घेतला नाही. यावरून मी नियम काढत नाही. वेदनेसाठी औषध घेणं पाप असतं तर शस्त्रक्रियाच थांबल्या असत्या, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला पौलच सांगतो. पण भाऊ गुड फ्रायडेचाच दिवस निवडतोय, तर हे वचन त्याच्यासोबत बसून वाचा. मोठ्याने वाचा, स्पष्टीकरण देऊ नका.

मार्श चॅपलची दुसरी बाजूही त्याला सांगा. एक विद्यार्थी त्या दिवशी बाहेर पळाला, त्याला शांत करण्यासाठी इंजेक्शन द्यावं लागलं. पाहन्केच्या अहवालात हे आलंच नाही. १९९१मध्ये रिक डॉब्लिन या संशोधकाने त्या लोकांना शोधून लिहिलं तेव्हा ते उजेडात आलं.

प्रतिसाद:
मी कॅथलिक आहे. आमच्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २२९१ मध्ये स्पष्ट आहे की केवळ उपचाराचं कारण वगळता मादक द्रव्यं घेणं हा गंभीर अपराध आहे. उपचाराची वाट खुली ठेवली आहे हे लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ठराविक मनोविकारतज्ज्ञ सायलोसायबिन देऊ शकतात. मित्राच्या घरी घेणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक देशांत ते बाळगणंही गुन्हा आहे.

मला मात्र आठवते ती मारिया सबिना. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातली, मासातेक या आदिवासी समाजातली बाई, मिस्सेला जाणारी. तिच्या रात्रीच्या विधीत मशरूम असायचे, आणि ख्रिस्ताची, मरियेची, संतांची नावंही. १९५५मध्ये गॉर्डन वॉसन हा मशरूमचा अमेरिकन अभ्यासक तिच्याकडे गेला, १९५७मध्ये त्याने ‘लाइफ’ साप्ताहिकात लिहिलं आणि मग परदेशी लोकांची रीघ लागली. पुढे तिनेच सांगितलं की आधी कोणी नुसतं देवाला शोधायला हे घेत नसे, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून घेत. मी तिचं अनुकरण करा म्हणत नाही. पण ज्या बाईने आयुष्यभर हे केलं तिलाही ‘देव भेटावा म्हणून घेऊ’ हे खटकलं, याचा भावाने विचार करावा.

आणि सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत, क्रूसभक्त योहान, तर खऱ्या दृष्टान्तांनाही चिकटू नका म्हणतो. देवाने द्यायचं ते दिलेलं असतं, त्याच दृश्याच्या मागे धावलं की माणूस दृश्यातच अडकतो. “तुला मिळालं ना? आता ते सांभाळ,” एवढं म्हणून पाहा.

प्रतिसाद:
मी मानसोपचार विभागात काम करते. धर्माचं बोलत नाही. घरात कोणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियासारखा मनोविकार आहे का? संशोधनात अशा कुटुंबातल्या लोकांना आधीच वगळतात. भाऊ नैराश्याची गोळी घेतो का? मशरूमचा परिणाम वाढावा म्हणून लोक गोळ्या मनाने बंद करतात, ते फार घातक. लिथियम या बायपोलरवरच्या औषधाबरोबर मशरूम घेतल्यावर फिट्स आल्याच्या नोंदी आहेत. २००६च्या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सायलोसायबिनवरच्या अभ्यासात निवडून घेतलेली निरोगी माणसं होती, शेजारी प्रशिक्षित माणसं बसलेली, तरी ३६ पैकी ११ जणांना तीव्र भीती वाटली. हे आधी विचारा, आजच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद वाचून हातपाय गार पडले. आमच्या मामांना बायपोलर होता. घरात त्याला ‘मामांचा स्वभाव’ म्हणायचे, म्हणून मला सुचलंच नाही.

काल रात्री भावाशी बोलले. आधी मामांबद्दल. त्याला ते माहीतच नव्हतं, बराच वेळ काही बोलला नाही. मग मार्क १५ वाचला. मी काही समजावलं नाही. तो तेवीसाव्या वचनावर थांबला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाला, “म्हणजे त्याने सगळं शुद्धीत सोसलं.” मी त्याला सांगितलं की आईच्या उशाशी कोणी होतं यावर माझा विश्वास आहे, तुला ते मशरूममुळे दिसलं तरीही. ज्यांनी तोडून टाका लिहिलंय त्यांची कळकळ कळते, पण माझ्याच्याने ते होणार नाही.

डॉक्टरांकडे यायला तो तयार झालाय. गुड फ्रायडेबद्दल वचन दिलेलं नाही आणि मी मागितलंही नाही. गुड फ्रायडेच्या, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला येतोस का, एवढं विचारलं. “शेवटच्या बाकावर बसलो तर चालेल का?” म्हणाला.

चालेल म्हटलं. मीही तिथेच बसणार आहे.