मदत हवी आहे: साडेतीन महिन्यांचं बाळ दिवसा अर्ध्या तासात उठतं

बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावरचं दूध पितं, वजन नीट वाढतंय. रात्री दोनदा दुधाला उठून पुन्हा झोपतं. अडचण दिवसाची आहे. झोळीत झोके देऊन झोपतं, पण ३०-३५ मिनिटांत टक्क जागं. गादीवर ठेवलं की पाच मिनिटांत रडू. सकाळी साडेसातला उठतं, नऊला पहिल्या झोपेसाठी झोळीत घालते, पावणेदहाला जागं. मालिश-अंघोळीला मावशी ११ला येतात, तेव्हा आकांत करतं. संध्याकाळी पाचपासून सारखी किरकिर. जायफळ उगाळून चाटवा असा घरच्यांचा आग्रह आहे. द्यावं का? आणि झोळी कशी सोडवायची?

प्रतिसाद १

आधी जायफळाचं. देऊ नका. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, ज्याने गुंगी येते. सहाणेवर दोन वळसे म्हणतात, पण कुणाचे दोन वळसे हलक्या हाताचे, कुणाचे दाबून. मात्रा कधीच सारखी पडत नाही. जास्त गेलं की ठोके वाढतात, बाळ सुस्त पडतं, दुधालाही उठत नाही. त्याला झोप म्हणत नाहीत. मधाचं बोटही नको, वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. घरच्यांना पटत नसेल तर पुढच्या लसीच्या वेळी त्यांना सोबत न्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या तोंडूनच ऐकू द्या.

आता ३०-३५ मिनिटांचं. या वयात झोपेचं एक आवर्तन (हलक्या-गाढ झोपेचा एक फेरा) छोटंच असतं. ते संपलं की झोप पातळ होते, आणि पुढच्या आवर्तनात आपलं आपण शिरणं बहुतेक बाळांना पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आसपास जमायला लागतं. तोवर तुटक झोप हा आजार नाही. दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोप होते का, एवढं तीन दिवस कागदावर मांडून बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन महिन्यांपर्यंत हा आकडा दिला आहे. चार महिन्यांपासून तो १२ ते १६ तास होतो.

तुमच्याकडे सुधारण्याजोगी खरी गोष्ट जागं राहण्याच्या वेळेची आहे. साडेतीन महिन्यांचं बाळ एका वेळी सव्वा ते दीड तास जागं राहू शकतं, आणि हा वेळ डोळे उघडल्यापासून मोजायचा, दूध पिऊन झाल्यापासून नव्हे. पावणेदहाला उठलेल्या बाळाची पुढची झोप सव्वाअकराला येते. तुमच्या मावशी ११ला तेल लावायला घेतात, म्हणजे बाळ पेंगायला आलेलं असताना. ते रडतं ते पाण्याला नाही, झोपेला. त्यांना साडेदहाला बोलवा. उठल्याउठल्या पोटभर दूध, पाऊण तासाने मालिश, ११पर्यंत अंघोळ उरकलेली, थोडं दूध, ढेकर, आणि सव्वाअकराला अंधाऱ्या खोलीत. वेळ बदलणं जमणार नसेल तर दिवसा नुसती अंघोळ घाला आणि मालिश संध्याकाळी घरीच करा.

डोळे चोळायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो. त्याआधीची खूण बारीक असते: भुवया लालसर होतात, नजर कुठेतरी लागून राहते, खुळखुळ्याकडे मान वळत नाही. ते दिसलं की पाच मिनिटांत खोलीत न्या.

प्रतिसाद २

झोळीबद्दल. झोळीत पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते, त्याने श्वासाची वाट दबू शकते. म्हणून ती सोडवणं योग्यच, पण एका दिवसात नको. फक्त सकाळची पहिली झोप धरा, त्या वेळी झोप सगळ्यांत सहज लागते. बाकीच्या झोपा आठवडाभर आहेत तशा राहू द्या. झोळी वापराल तेवढा वेळ मात्र कुणीतरी जवळ बसलेलं हवं.

पहिले तीन दिवस झोका द्या, पण डोळे मिटण्याआधी थांबवा. पुढचे तीन दिवस झोळीऐवजी मांडीवर, तोंडाने अंगाई किंवा एकसुरी ‘शूऽऽ’. मग गादीवर. ठेवताना आधी पाय, मग ढुंगण, शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं की बाळ दचकून हात फेकतं. वाकून आपली छाती बाळाला लागलेलीच ठेवायची आणि हात मानेखालून सावकाश काढायचा. मग तळहात छातीवर दोन मिनिटं, दाब न देता. झोपेत हात उचलून सोडला आणि तो सैल पडला तर झोप पक्की आहे.

२५व्या मिनिटाला जवळ जाऊन बसा. चुळबुळ, कण्हणं, एखादा हुंकार ही जाग नव्हे. लगेच उचललंत तर खरंच जागं होईल. दोन-तीन मिनिटं थांबा, मग छातीवर हात. दहा मिनिटांत झोपलं नाही तर सोडून द्या, उठवून घ्या, आणि पुढची झोप १५ मिनिटं अलीकडे आणा.

गादी घट्ट आणि सपाट, बाळ उताणं. मोहरीची उशी, लोड, जाड दुपटं काही नको. टोपडंही झोपताना काढा, बाळाची उष्णता डोक्यावाटे बरीच बाहेर पडते. मान घामेजली असेल तर कपडे जास्त झालेत. हातपाय गार असणं चालतं. काळोखासाठी खिडकीला दुहेरी चादर लावा, पाळण्यावर ओढणी टाकू नका, आतली हवा कोंडते.

धागाकर्ती: पाचनंतरच्या किरकिरीचं काय? आणि दुपट्यात गुंडाळलं तर चालेल?

प्रतिसाद १

पाचच्या सुमाराला २०-३० मिनिटांची एक झोप मांडीवर किंवा कडेवर घ्या, तिथे शिस्त नको. फक्त रात्री आठला झोपवत असाल तर साडेसहाच्या पुढे ती लांबू देऊ नका. गुंडाळायचं असेल तर हात आत, कंबरेखाली ढिलं, आणि कुशीवर वळायची पहिली धडपड दिसली की त्याच दिवशी बंद. १४ आठवड्यांची लस नुकतीच झाली असेल तर दोन दिवस वेळापत्रक बाजूला ठेवा. २४ तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, उठवूनही दुधाला उठत नसेल किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर वेळापत्रकाच्या नादी न लागता लगेच डॉक्टरांकडे न्या.