प्रतिसाद: ऑपरेशन्स मॅनेजर व्हायचंय, आधी एमबीए करू का?

भिवंडीच्या गोदामात डिस्पॅच सांभाळताय आणि बी.कॉम. झालंय, तर एमबीएची घाई करू नका. आधी आकडे हातात घ्या. ते कोणी आणून देत नाही.

सुरुवात ऑर्डरपासून करा. दर ऑर्डरपुढे दोन रकाने ठेवा: वेळेवर पोचली का, पूर्ण पोचली का. बरेच जण इथेच फसतात. १०० पैकी ९० वेळेवर आणि ९० पूर्ण, म्हणजे काम ९० टक्के चोख, असं नसतं. दोन्ही साधलेल्या ऑर्डर ८० सुद्धा असू शकतात, आणि ग्राहक तेवढ्याच मोजतो. उरलेल्या प्रत्येकीचं कारण लिहा: माल नव्हता, चुकीचा उचलला, गाडी उशिरा लागली, ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपली.

महिन्याभरात दोन-तीन कारणंच पुन्हापुन्हा दिसतील. सहसा त्यांचं मूळ स्टॉकच्या तफावतीत, म्हणजे नोंदीतला आणि रॅकवरचा माल न जुळण्यात असतं. त्यावर वार्षिक मोजणी पुरत नाही. जास्त किमतीचा, जास्त हलणारा माल दर आठवड्याला मोजा. मोजताना त्या रॅकची हालचाल थांबवा, नाहीतर खोटी तफावत निघते.

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (नोंदींची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता) यायलाच हवं. बायोडेटात ‘डिस्पॅच पाहिलं’ लिहू नका. कोणता आकडा कुठून कुठे नेला आणि त्यासाठी नेमकं काय बदललं, ते लिहा.