एकाच रिव्हॉल्वरला दोन सिलेंडर, ९ एमएमचा ग्रुप का पसरतोय?

टेक्सासकर_सातारी:
मंडळी, मी इथे ह्यूस्टनजवळ राहतो, दर रविवारी रेंजवर जातो. दोन महिन्यांपूर्वी एक जुनं सिंगल ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने ओढायचं) रिव्हॉल्वर घेतलं, त्यासोबत दोन सिलेंडर (काडतुसं बसणारा फिरता भाग) आले, एक .३५७ मॅग्नम काडतुसाचा आणि एक ९ एमएम काडतुसाचा. ९ एमएम स्वस्त पडतं म्हणून प्रॅक्टिस त्यावरच करायची असं ठरवलं होतं. पण २५ यार्डावर बेंचवर वाळूची पिशवी ठेवून मारलं तर .३५७ चा ग्रुप (कागदावर सगळ्या गोळ्या लागल्याचा पसारा) अडीच इंचात येतो आणि ९ एमएमचा पाच इंचांच्या वर जातो, शिवाय सगळा ग्रुप खाली लागतो. दोन सिलेंडरवाल्या रिव्हॉल्वरचं हे असंच असतं का? का माझ्याच गनमध्ये काही गडबड आहे?

जुनं_काडतूस:
आधी दोन गोष्टी वेगळ्या कर भाऊ. ग्रुप खाली लागणं हा दोषच नाही. .३५७ ची १५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी आणि ९ एमएमची ११५ किंवा १२४ ची हलकी गोळी, झटक्याने नळी वर उचलली जात असते तेवढ्यात हलकी गोळी लवकर बाहेर पडते म्हणून खाली लागते. मागची साइट (नेम धरायची खाच) ॲडजस्टेबल असेल तर काडतूस बदललं की तिच्या स्क्रूचे क्लिक बदलायचे, किती क्लिक ते वहीत लिहून ठेव.

ग्रुप पसरतो त्याचं मोठं कारण माप. नळी .३५७ साठी कापलेली, आणि ९ एमएमची गोळी ०.३५५ इंचाची. दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ढिली. खोबणीत नीट बसत नाही, मागून गॅस पुढे निसटतो. त्यात केस (काडतुसाचं पितळी कवच) आखूड, म्हणजे गोळीला सिलेंडरमध्येच लांब उडी मारून नळीत शिरायला लागतं. म्हणून थोडा फरक पडणारच, पण दुप्पट पडायला नको असं मला वाटतं.

कोल्हापुरी_नेम:
सगळ्या जोड्यांचं सारखं नसतं हेही सांगतो. रुगर ब्लॅकहॉक .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी अशा दोन सिलेंडरची मिळते, तिथे गोळ्या ०.४५२ आणि ०.४५१, जवळपास एकच, त्यामुळे माझ्या मामेभावाची दोन्ही सिलेंडरवर जवळजवळ सारखी मारते. .२२ एलआर (लाँग रायफल) आणि .२२ मॅग्नमच्या जोडीत काडतुसाचा ब्रँड बदलून बघावा लागतो. आणि ज्यांच्याकडे ही .२२ ची जोडी आहे त्यांनी एलआर काडतूस मॅग्नमच्या सिलेंडरमध्ये अजिबात घालू नका, आत जातं पण ढिलं बसतं, केस फुटते.

बालेवाडी_२५मी:
पुण्यात .२२ पिस्तूल मारतो, रिव्हॉल्वर फक्त ओळखीच्यांचं हाताळलंय, पण टेस्ट कशी करायची ते सांगू शकतो. सहा चेंबर (सिलेंडरमधली काडतुसाची भोकं) मिळून एक ग्रुप काढू नकोस. सिलेंडरवर बाहेरून मार्करने १ ते ६ आकडे टाक आणि एका चेंबरमधून पाच गोळ्या मार, मग दुसऱ्यातून पाच, प्रत्येकाला वेगळा कागद. एकेका चेंबरचा ग्रुप छोटा आला पण सगळे कागद एकावर एक ठेवल्यावर ग्रुप सरकलेले दिसले तर एखादा चेंबर नळीच्या रेषेत नाही. एकाच चेंबरचा ग्रुपसुद्धा पसरला तर मग गोळी आणि नळीच्या मापाचं कारण धर. तीस काडतुसं जातील, पण अंदाजावर भांडत बसण्यापेक्षा बरं.

जुनं_काडतूस:
एकदम बरोबर. आणि अजून एक, सिलेंडर नेहमी त्या त्या गनला फिट करून देतात, बऱ्याचदा सीरियल नंबरचे शेवटचे आकडे सिलेंडरवर कोरलेले असतात. जुन्या मालात कुणाचा तरी दुसराच सिलेंडर घुसडलेला असू शकतो. गन रिकामी आहे ते दोनदा बघ, गेट (काडतूस भरायची झडप) उघड, बेस पिन (सिलेंडरचा आस) ओढ आणि सिलेंडर काढून पुढच्या बाजूला टॉर्च मारून बघ. परत बसवल्यावर नळी आणि सिलेंडरमधली फट फीलर गेजने मोज, मोटरसायकलचं टॅपेट लावताना वापरतात तेच.

टेक्सासकर_सातारी:
रविवारी केलं सगळं. .३५७ च्या सिलेंडरवर बारीक तीन आकडे आहेत, फ्रेमशी जुळतात. ९ एमएमच्यावर वेगळेच आहेत, म्हणजे विकणाऱ्याने दुसऱ्या गनचा सिलेंडर दिलाय आणि बोलला नाही. चेंबर ४ चा ग्रुप बाकीच्यांपेक्षा दोन इंच उजवीकडे जातोय, बाकी पाचांचा मिळून तीन इंचांहून थोडा जास्त. फट .३५७ ला ५ थाऊ, ९ एमएमला ११. आता हा सिलेंडर वापरत नाही, गनस्मिथकडे घेऊन जातोय, तो काय म्हणतो ते इथेच टाकतो.

बालेवाडी_२५मी:
कागद फेकू नकोस, चेंबर ४ चा तर सोबत घेऊन जा. गनस्मिथला आकड्यांपेक्षा तो कागद लवकर कळेल.